अश्रूंवरची तर्री

"डोळे कोरडे आहेत," टिपूस म्हणाला.

रेवाने ओढणीने गाल पुसला. तो लगेच पुन्हा ओला झाला. "आबाजी, तुमचा रोबो बिघडला. माझ्या डोळ्यांना धार लागली आहे अन् हा म्हणतो कोरडे!"

"मी ठणठणीत आहे," टिपूस फणकारला. तांब्याएवढा हा यंत्रमानव आबाजींनी डोळे तपासण्यासाठी घरीच बनवला होता. आबाजी म्हणजे रेवाचे आजोबा. त्यांचं सारं आयुष्य डोळ्यांच्या संशोधनात गेलं होतं.

"काहून लपवलं गं इतके दिवस?" त्यांनी हळूच विचारलं.

रेवाने मान खाली घातली. रविवारी तिरंदाजीची जिल्हा निवड होती, आणि आठवडाभर तिला निशाणाचा पिवळा ठिपका कधी स्पष्ट दिसे, तर कधी विरघळल्यासारखा. "मडावी सरांना कळलं तर संघातून काढतील जी."

"आधी बघू तर खरं."

टिपूसने तिच्या डोळ्यात रंगाचा एक थेंब सोडला आणि निळा दिवा लावला. समोरच्या भिंतीवर तिचा डोळा टरबुजाएवढा दिसू लागला. त्यावर हिरवट चकाकीचा गुळगुळीत थर होता. "आता पापणी मिटू नकोस," टिपूस म्हणाला. पाच मोजायच्या आत त्या थराला काळी भोकं पडली.

"बाप्पा! फाटलं!"

"ते अश्रुपटल (डोळ्यावर पसरलेला अश्रूंचा पातळ थर)," आबाजी म्हणाले. "ते इतक्या लवकर फाटायला नको. चल, पोहे खाऊ."

त्यांनी दोन वाट्यांत पोह्यांवर घ्यायचा गरम रस्सा वाढला आणि एका वाटीवरची लाल तर्री (रश्श्यावर तरंगणारं तेल) चमच्याने काढून टाकली. "वाफ कुठून जास्त निघते?"

"तर्री काढली तिथून."

"अश्रूंवरही अशीच तर्री असते. डोळ्याला लागून चिकट थर, त्यावर पाणी आणि सगळ्यात वर तेलाचा तलम थर. पापणीच्या कडेला बारीक ग्रंथी (तेल स्रवणाऱ्या पिशव्या) असतात, त्यांतून ते तेल येतं. धूर आणि सूक्ष्म धूळ हा थर विस्कटतात. मग पाणी उडून जातं आणि डोळा चुरचुरतो. मेंदू घाबरून हुकूम देतो, पाणी सोडा!"

रेवा थांबली. "पण त्या पाण्यात तर्री नसते. म्हणून ते टिकत नाही, गालावर येतं?"

"अन् डोळा कोरडाच राहतो," टिपूस म्हणाला. "आता सांग, बिघडलं कोण?"

"पण आबाजी, धूर कुठला? खाणीवरच्या गाड्या तर आता विजेवर चालतात. चौकातला हवा किती स्वच्छ ते दाखवणारा फलकही हिरवा असतो."

"चौकातला. तू सकाळी कुठे असतेस?"

रेवाचा घास हातातच राहिला. थंडीत बोटं आखडली की धनुष्याची दोरी निसटते. म्हणून मुली रोज मैदान झाडून पाचोळा पेटवायच्या. त्यात खाऊची वेष्टनंही जळायची. आधी शेकोटी, मग धनुष्य, हा त्यांचा नियमच होता. आणि नेम धरताना ती पापणीही लववत नसे!

"पापणी मिटली की तेल पुन्हा सारखं पसरतं," आबाजी म्हणाले. "डोळे चोळू नकोस, गुलाबपाणी घालू नकोस. आज डॉक्टरांकडे जाऊ. पण सरांना तूच सांगायचं."

दुसऱ्या दिवशी मैदानावर रेवाने एका दमात सगळं सांगून टाकलं. मडावी सरांनी शेकोटीभोवतीच्या मुलींकडे पाहिलं. निम्म्या जणी बाहीने डोळे पुसत होत्या.

"अन् मी समजत होतो, तुमचा सराव कमी पडतो," सर पुटपुटले. त्यांनी शेकोटीवर पाण्याची बादली रिकामी केली. त्या दिवसापासून पाचोळा खतखड्ड्यात जाऊ लागला आणि बोटं गरम करायला मुली मैदानाला फेऱ्या मारू लागल्या.

रविवारी रेवाच्या डोळ्यांत थोडी चुरचुर होतीच. इतक्या दिवसांचं दुखणं लगेच कसं जाईल? तिने धनुष्य उचललं, पापण्या सावकाश मिटल्या आणि उघडल्या. पिवळा ठिपका अख्खा होता. तिने दोरी ओढली आणि बाण सोडला.

जिल्हा संघाच्या यादीत तिचं नाव शेवटचं आलं, पण आलं.

आता टिपूस मैदानावरच्या कडुनिंबाला टांगलेला असतो. कुठूनही धुराची रेघ आली की तो ओरडतो, "पोरींनो, तर्री सांभाळा!" मग मुली हसत पापण्या मिटतात, आणि दोघीतिघी धूर करणाऱ्याला समजावायला धावतात.