गाई बसतात ती जागा

कसानारे प्रांताच्या सपाट कुरणांत घर कुठे बांधायचे, हे नदी ठरवते. पावसाळ्यात सारा मुलूख पाण्याखाली जातो. संध्याकाळी गाई ज्या उंचवट्यावर रवंथ करत बसतात, तिथेच माणसे खांब पुरतात. माझा धाकटा भाऊ एलाडिओ याचे घरही असेच उभे राहिले होते.

त्या मे महिन्यात त्याच्या गाई घराजवळ बसेनात. अर्ध्या कोसावर, सखल भागात जाऊ लागल्या. घर तिकडे हलवावे, असे त्याच्या मनाने घेतले. मी भूमापक, म्हणून त्याने मला बोलावले. दिवसभर पाणसळ लावून उंचीची मोजणी केली. घर त्या जागेपेक्षा दीड हात उंच भरले.

“म्हणजे दादा, तुझी पाणसळ शहाणी आणि माझ्या गाई खुळ्या?”

“गाईंना शाळेत घातलं होतंस का?” मी म्हणालो. त्याची बायको ओतिलिया हसली. तो हसला नाही.

संध्याकाळी तो मला तिकडे घेऊन गेला. चाळीसेक गाई रांग धरून बसल्या होत्या, मध्ये मोकळा चौकोन सोडून. मी पावलांनी मोजला: बारा लांब, सात रुंद. घर तेवढेच होते. पूर्वेला दोन गाईंमध्ये दारापुरती फट होती. मागे, चुलीच्या पडवीएवढा कोपरा. एका गाईला मी हाकलले. ती उठली, वळसा घालून आली आणि तिथेच बसली.

“आता बोल,” एलाडिओ म्हणाला.

“योगायोग आहे. आकडे सांगतात ते ऐक. हलू नकोस.”

त्याने ऐकले.

ऑगस्टमध्ये नदीने पात्र बदलले. पाणी उंचवट्यावर चढलेच नाही. त्याने तो खालून पोखरला. भर दुपारी घर एलाडिओसकट नदीत गेले. ओतिलिया कपडे वाळत घालायला बाहेर आली होती, एवढ्यानेच वाचली. सखल भागात घोटाभरही पाणी आले नाही.

मी वहीतले आकडे पुन्हा तपासले. दीड हात. माझे काहीच चुकले नव्हते.

प्रेत मिळाले नाही.

ओतिलिया आता त्या सखल भागाजवळच झोपडीत राहते. गाई तशाच चौकोन सोडून बसतात. सकाळी त्यांच्या कासा रिकाम्या असतात, असे तिने कळवले. वासरे सुटत असतील, मी म्हणालो.

काल रात्री वासरे मी स्वतः गोठ्यात कोंडली. कडी घातली.

उजाडताना गाई चौकोनाच्या आतून, त्या दारापुरत्या फटीच्या जागेतूनच, एकेक करून बाहेर आल्या. वासरे गोठ्यात भुकेने हंबरत होती.

मी वाकून पाहिले. कासा रिकाम्या होत्या. धार काढताना मागचे पाय बांधतात, तिथे प्रत्येकीला दोरीचा ताजा, ओला वळ होता.