यंत्राने न वाचायची ओळ

"या ओळीला हात लावणाऱ्याने आधी मला फोन करावा. नंतर केलात तर मी उचलणार नाही."

वाक्य माझं होतं, शब्द न् शब्द माझा. आणि ते चिखली-बुलढाणा एसटीत माझ्या शेजारी बसलेला एक अनोळखी मुलगा गालातल्या गालात हसत म्हणत होता!

मी नुकताच फोन ठेवला होता. अमडापूरच्या आमच्या भाजी संकलन केंद्रावर रोजचे भाव भरणाऱ्या शेखरदादांनी सकाळी सकाळी वेबसाइट बंद पाडली होती. मिरचीचा भाव वाढला म्हणून आनंदाच्या भरात त्यांनी भावापुढे उद्गारचिन्ह ठोकलं, आणि त्या चिन्हापाशी माझा प्रोग्राम अडून बसला. "दादा, त्या ओळीच्या वर मी काय लिहून ठेवलं, ते वाचलं काऊन नाई?" असं मी अख्ख्या एसटीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं होतं. तेवढ्यावरून याने मला ओळखलं.

"तुम्हाला कुठून माहीत हे?" मी विचारलं.

"काल रात्री वाचलं. पुढचीही ओळ छान आहे... 'अध्यक्षांना घाई आहे, मला नाही.'"

माझे कान तापले. खिडकीतून थंडीचा वारा येत होता तरी तापले. आमच्याकडच्या भाजीवाल्या शेतकऱ्यांची एक कंपनी आहे. कोणती भाजी, काय भावाने, कोणत्या गावाहून गाडी किती वाजता निघणार, हे सगळं तिच्या वेबसाइटवर दिसतं. ती वेबसाइट मी बनवली, पीएचपीत. रोज बदलणाऱ्या गोष्टी एका साध्या सेटिंगच्या फाइलमध्ये ठेवल्या. डावीकडे नाव, मध्ये बरोबरचं चिन्ह, उजवीकडे किंमत. प्रोग्राम वरून खाली वाचत जातो, प्रत्येक ओळीचे दोन तुकडे करतो आणि यादी पडद्यावर मांडतो. ओळीच्या सुरुवातीला अर्धविराम असला की मात्र तो डोळे मिटून पुढे जातो. ती ओळ माणसांसाठी. तिथे मी माझ्या मनातलं लिहीत असे, कोण वाचतंय म्हणून!

"चोरून वाचता लोकांच्या फायली?"

"दार सताड उघडं होतं. फाइल वेबसाइटच्या फोल्डरमध्येच आहे तुमची. ब्राउझरमध्ये नाव टाकलं की सगळी दिसते—पासवर्डसकट."

मी मोबाइलवर नाव टाकून पाहिलं. खरंच सगळी दिसली.

"सभ्य माणसं उघडं दार दिसलं तर लोटून घेतात," मी म्हणाले.

"म्हणून तर सांगतोय..." तो म्हणाला, आणि खिडकीबाहेर बघू लागला. हसू लपवायला, हे मला कळत होतं.

बुलढाण्याला तो उतरला. मीही उतरले. तो ज्या गल्लीत वळला तीच माझी गल्ली. तो ज्या जिन्यापाशी थांबला तो आमच्याच ऑफिसचा जिना... आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

पुण्याच्या कंपनीचा माणूस! आमचे अध्यक्ष हिंमतराव यांनी बोलावून घेतलेला. माझं काम तपासून तो अहवाल देणार होता, आणि सभासदांच्या सभेत ठरणार होतं, की वेबसाइट माझ्याकडे राहील की पुण्याला जाईल.

"हर्षल," तो म्हणाला.

"मी काही तुमचं नाव विचारलं नव्हतं," मी म्हणाले.

इथे एक गोष्ट सांगून टाकते. काम गेलं असतं तर मी अमडापूरला घरी, आणि घरी म्हणजे कांदेपोहे. माझी आई मंजुळाबाई शब्दाची पक्की. तिने सांगून ठेवलं होतं, "पुष्पे, जोवर तुह्या हाताले काम हाय तोवर मी कोनाले घरात पाय ठेवू देत नाई. काम सुटलं की मंग माह्यं ऐकाचं." त्यामुळे त्या फाइलमध्ये वांगी-टोमॅटोचे भाव होते हे खरं, पण माझं पुढचं आयुष्यही तिच्यातच अडकलेलं होतं.

पहिल्याच दिवशी त्याने फाइल उचलून एक फोल्डर वर नेऊन ठेवली, बाहेरून कुणाला दिसणार नाही अशी. मी आभार मानले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याने एक टीप लिहिली आणि पानच बिघडलं. आता मला संधी मिळाली.

"हॅशचं चिन्ह लावलं तुम्ही. इथे अर्धविराम लागतो."

"मी ज्या भाषेत रोज काम करतो तिथे हॅशच लावतात. आधी पीएचपीतही चालायचं."

"आधी चालायचं. आता हॅश लावून बरोबरचं चिन्ह टाकलंत, तर प्रोग्राम त्याला नावच समजतो आणि यादीत घेतो."

"सवय आहे हो..."

"सवयी पुण्याला ठेवून यायच्या."

त्याने खुर्ची मागे सरकवली. "काऊन एवढी भडकून राह्यली तू माह्यावर?"

मी चमकून पाहिलं. दोन दिवस पुस्तकासारखं बोलणारा हा माणूस... त्याने जीभ चावली.

"जानेफळचा आहे मी," तो ओशाळून म्हणाला. "पुण्यात असं बोललो की लोक हसतात. म्हणून..."

"म्हणून जानेफळ गिळून टाकलं?"

"टाकलं होतं. तुझ्याशी भांडताना वर येतं."

मला हसू आवरलं नाही. रागही राहिला नाही, आणि तेच मला खटकलं.

त्यानंतर आमचं भांडण फाइलमध्ये सुरू झालं. सकाळी मी उघडली की अर्धविरामापुढे त्याची एक ओळ असायची. 'चहा फार गोड करतेस.' मी खाली लिहायची, 'मग पिऊ नका.' दुसऱ्या दिवशी, 'पिणं सुटत नाही, तेच तर दुखणं आहे.' गाडीच्या वेळा, मेथीचा भाव, कोथिंबिरीचा भाव, आणि मध्ये आमची अशी लुटुपुटुची लढाई. यंत्र रोज तिच्यावरून डोळे मिटून जायचं. मी मात्र एकच ओळ चार-चारदा वाचायची. शेजारच्या खुर्चीत बसलेला माणूस लिहितो आणि तोंडाने काही बोलत नाही... मीही बोलत नव्हते. आवडायला लागला होता मला. माझं काम न्यायला आलेला माणूस मला आवडायला लागला होता, काय म्हणावं याला!

सभेच्या आदल्या संध्याकाळी ऑफिस बंद करताना तो म्हणाला, "अहवालात लिहून टाकतो. काम तुझ्याकडेच राहावं म्हणून."

"का?"

"का म्हणजे? तुला हवंय ना..."

"मला हवंय म्हणून? माझं काम चांगलं आहे म्हणून नाही?"

"पुष्पांजली, अगं..."

"उपकार नकोत. फाइल उघड्यावर होती हे लिहा. चिन्हाने साइट पडते हेही लिहा. जे बरं आहे तेही लिहा. पण माझ्याकडे बघून एक अक्षर लिहिलंत, तर तो अहवाल मीच फाडीन."

जिना उतरताना मी मागे वळून पाहिलं नाही.

सकाळी मी बुलढाण्याला गेलेच नाही, घरून थेट केंद्रावर गेले. त्या दिवसाचे भाव शेखरदादांनी हर्षललाच फोनवर सांगितले आणि त्याने ते फाइलमध्ये भरले. तो एसटीने मागाहून आला, माझ्या नजरेला नजर न देता कडेला बसला.

केंद्रात सतरंज्या टाकल्या होत्या. ताज्या मेथीच्या जुड्यांचा वास भरून राहिला होता. पुढे खुर्चीवर हिंमतराव, समोर सभासद, बायकांच्या घोळक्यात माझी आई. भिंतीवरचा मोठा पडदा सुरू झाला.

वांगी — १८
टोमॅटो — १४
मेथी — ७
कोथिंबीर — ९
# पुष्पांजली — दर ठरवता येणार नाही

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग मागून एक बाई खुदकन हसली, आणि हसू सगळ्या सभेत पसरत गेलं. माझं नाव कोथिंबिरीच्या खाली लटकत होतं. मी हर्षलकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. हॅश! पुन्हा हॅशच लावला होता त्याने. फक्त मी वाचावी म्हणून लिहिलेली ओळ अख्ख्या अमडापूरने वाचली होती.

हिंमतराव उठले. "हे काय चालून राह्यलं? पोरीचा भाव लावता का वेबसाइटवर? म्हणून मी सांगत होतो, हे पोरीसोरीचं काम नाई. पुण्याले देऊन टाका."

कुणीतरी मान हलवली. मला दिसलं, माझं काम हातचं चाललं होतं माझ्या डोळ्यांदेखत. खाली मान घालून बाहेर पळून जावं असं एक क्षण वाटलं. एकच क्षण. मग असा संताप आला की मी सरळ पडद्यापुढे जाऊन उभी राहिले.

"भाऊ, वेबसाइट बिघडली नाई. फाइलीत जे होतं तेच तिनं वाचून दाखवलं. वांग्याचा भाव बरोबर हाय का? मेथीचा हाय का? मंग? शेवटची ओळ ज्यानं लिह्यली त्याले विचारा, मले नाई. आन् माझं नाव पडद्यावर आलं म्हणून मी काऊन तोंड लपवू? म्या काय चोरी केली?"

कुणी हसलं नाही. हर्षल उभा राहिला. कान लाल, पण आवाज सरळ.

"मी लिहिली. ज्या पुण्याच्या कंपनीला तुम्ही काम देणार, तिचा माणूस मी. अहवालात दोन दोष लिहिलेत, ते दोन्ही यांना सांगून दुरुस्त झालेत. बाकी काम चोख आहे. कोणत्या गावाला गाडी उशिरा पोहोचते, कोण भावापुढे काय खरडतं, हे यांना ठाऊक असतं. आमच्या कंपनीला नाही. आणि आजची चूक माझी. चिन्ह चुकलं."

"चिन्ह चुकलं," बायकांमधून आवाज आला. माझी आई पदर सावरत उठत होती. "आन् बाकीचं रे, पोरा?"

सगळी सभा त्याच्याकडे वळली. त्याने माझ्याकडे पाहिलं. एसटीतल्या दिवसानंतर पहिल्यांदा इतकं सरळ पाहिलं.

"बाकीचं बरोबर हाय, मावशी," तो म्हणाला. जानेफळच्या बोलीत, चारचौघांत, एकदाही जीभ न चावता.

छातीत असं काही धडधडलं की मला वाटलं, पडद्यावर तेही दिसेल! पण हिंमतराव मिशीवर हात फिरवत "मंग हे लग्नाचं—" म्हणाले आणि मी त्यांना तिथेच थांबवलं.

"नाई भाऊ. माझं लगीन या सभेचा विषय नाई. कामाचं बोला. काम माझ्याकडं ठेवाचं का नाई, तेवढं सांगा."

पहिला हात झुंबरबाईंचा वर गेला. सकाळी चारला उठून मोबाइलवर भाव बघणारी बाई ती. मग तिच्या शेजारणीचा, मग आईचा, मग पुरुषांचे. हिंमतरावांनी हात वर केला नाही, खालीही बसले नाहीत. शेवटी म्हणाले, "राहू द्या पोरीकडं. पण ते पडद्यावरचं काढा बाप्पा आधी!"

मी कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरपाशी बसले. फाइल उघडली. मागे पावलं थांबली.

"पुसून टाक," हर्षल हळूच म्हणाला. "मले... मला माफ कर."

"पुण्याचं काम गेलं तुझं."

"गेलं. तिथल्या साहेबाला अजून सांगायचंय. सांगतो."

"आणि मी काही पुण्याला येणार नाही. हे आत्ताच सांगते."

"मी कुठं म्हणलं ये म्हणून? मीच येऊन राह्यलो."

मी ओळ पुसली नाही. फक्त हॅश काढला आणि तिथे अर्धविराम टाकला. पडद्यावर यादी कोथिंबिरीपाशी संपली, आणि हिंमतरावांनी सुस्कारा सोडला. फाइलमध्ये ती ओळ होती तिथेच राहिली. मग मी तिच्याखाली आणखी एक लिहिली, अर्धविराम आधी टाकून.

; रविवारी घरी ये. आई विचारील ते सगळं खरं सांग.

तो माझ्या खांद्यावरून वाकून वाचत होता. त्याने हात पुढे केला, कीबोर्डवर एक बोट ठेवलं आणि थांबला. मी वाट पाहिली. त्याने अर्धविराम शोधून टाकला, माझ्याकडे बघून खात्री करून घेतली, आणि मगच लिहिलं.

; येतो. पण चहा तूच कर. गोडच.