नऊ नंबरचा डोंगर

मिहिर ध्यानशिबिरातून परतला त्याला महिना झाला, आणि केतकीला सगळ्या जगाचा मत्सर वाटू लागला.

खरं तर तिने पेढे वाटायला हवे होते. चहात साखर कमी पडली म्हणून बावीस वर्षं घर डोक्यावर घेणारा माणूस आता गार चहासुद्धा हसून प्यायचा. रक्तदाब उतरला होता, गोळ्या सुटल्या होत्या, अंथरुणाला पाठ टेकली की झोप लागत होती. हल्ली दर दोन घरांआड कुणी ना कुणी त्या शिबिराला जाऊन आलेलं असायचं, पण इतका गुण कुणालाच आला नव्हता. "नशीबवान आहेस गं!" सोसायटीतल्या बायका म्हणायच्या. केतकीचं दुखणं निराळंच होतं, आणि ते खरवडीपासून सुरू झालं होतं.

लोखंडी कढईच्या तळाला लागलेली पिठल्याची खरवड म्हणजे मिहिरचा जीव की प्राण. ती तो पोटच्या मुलीलाही देत नसे. द्यायचा फक्त केतकीला, तीही भांडून, अर्धीच. परवा शेजारच्या देवयानीबाई कोथिंबीर मागायला आल्या आणि या बाबाने अख्खी खरवड त्यांच्यापुढे धरली. "घ्या ना, तुम्हाला भूक लागलेली दिसते," म्हणाला. आवाज तोच, केतकीशी बोलतानाचा. मग तिने कान देऊन ऐकलं. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याशी तोच आवाज, जिन्यातल्या कुत्र्याशीही तोच. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. सवत एक असली तर तिच्या झिंज्या उपटता येतात, पण अख्खं गावच सवत झालं तर बाईने काय करावं?

शेवटी ती त्याला घेऊन टेकडीवरच्या त्या शिबिराच्या केंद्रात गेली. त्याला बाहेर बाकावर बसवून एकटीच डॉक्टर बागव्यांसमोर उभी राहिली.

"आपला कोण आणि परका कोण, हे ठरवणारा एक भाग मेंदूत असतो," डॉक्टर समजावू लागल्या. वयाने केतकीहून लहान, पण बोलणं मुरलेल्या मास्तरणीचं. "आम्ही त्याला आपपर-केंद्र म्हणतो. राग, काळजी, हेवा, सगळं तिथूनच उठतं. पूर्वी साधक तो भाग शांत करायला जन्मभर बसायचे. आम्ही मौनाच्या बैठकीत डोक्यावर एक टोपी घालतो. तिच्यातल्या मंद लहरी तेच काम दहा दिवसांत करतात. माणूस समतल होतो. सगळेच त्याला सारखे आपले."

"सगळे आपले म्हणजे कुणीच आपलं नाही!" केतकी फणकारली. "मला माझा नवरा परत द्या. रागीट चालेल, घोरणारासुद्धा चालेल."

"देता येतो. पाच दिवस उलट्या बैठका द्यायच्या. समतल माणूस कशालाही हो म्हणतो, म्हणून सही घरच्यांची घेतो. फक्त जे परत येणार, ते आधी बघावं लागतं."

त्यांनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. शिबिराच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाला त्यानेच आणलेल्या फोटोंतले, त्याच्या आयुष्यातले बारा चेहरे दाखवून आपपर-केंद्राची उसळी मोजली जायची. जेवढा आपलेपणा, तेवढा उंच डोंगर.

"पाच नंबर तुम्ही."

डोंगर चांगला उंच होता. केतकीला भरून आलं. मग तिची नजर पुढे सरकली. नऊ नंबरचा त्याहून उंच होता. थोडाथोडका नव्हे, चांगला वीतभर.

"ही... आमची मुलगी असेल."

"पहिले आठ घरचे असतात. नऊपासून बाहेरचे."

"कोण आहे?"

"नावं आम्ही ठेवत नाही. त्यांनाच विचारा. एरवी माणूस आपलं कुणी दुखावेल म्हणून लपवतो. ते सरळ सांगतील."

केतकीने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. "उलट्या बैठका घेतल्या, तर फक्त पाच नंबर परत आणता येईल?"

"नाही हो. डोंगर येतात ते सगळे एकदमच येतात."

सहीचा कागद हातात घेऊन ती बाहेर आली. मिहिर संत्रं सोलत होता. एक फोड वॉचमनला, एक माळ्याला, एक तिला.

"काय म्हणाल्या डॉक्टर?"

त्याचे डोळे इतके निर्मळ होते की प्रश्न तिच्या ओठांवर आला. विचारलं असतं तर त्याने हसत नाव सांगितलं असतं, गावासकट. आणि ते नाव तिला जन्मभर पुरलं असतं.

"काही नाही. तू बरा आहेस म्हणाल्या," ती म्हणाली आणि कागद फाडून तिने कचऱ्याच्या डब्यात टाकला.

शनिवारी तिने पिठलं केलं आणि देवयानीबाईंना स्वतःच हाक मारली. मिहिरने कढई खरवडून तीन ताटांत तीन वाटे घातले. केतकीने ते डोळ्यांनी नीट मापले. सारखे होते. कुठल्या तरी गावात राहणारी ती नऊ नंबरची आत्ता इथे जेवायला बसली असती, तर तिलाही एवढंच मिळालं असतं. कणभरही जास्त नाही.

महिन्याभरात पहिल्यांदाच केतकीला घास गोड लागला.