बर्फाच्या कारखान्यातलं सत्तावन्न साल

स्नेहा मेहेर समोरच्या खुर्चीत बसली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. पालघर स्टेशनजवळच्या त्या एका खोलीच्या कचेरीत खासगी तपास करणाऱ्या पूर्वी चुरीने रडत येणारी माणसं पुष्कळ पाहिली होती. ही रडत नव्हती.

“माझे बाबा वारले. सोमवारी संध्याकाळी आमच्या बर्फाच्या कारखान्यात शिडीवरून पडले,” ती म्हणाली. “पोलिसांनी तसं लिहून घेतलं. मीही सही केली.”

“मग आता?”

“बाबा शिडी चढत नव्हते. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. घरातला पंखा पुसायलाही मलाच चढावं लागायचं. हे मला काल भांडी घासताना आठवलं. सही करताना नाही.” तिने पदर सारखा केला. “मला काहीच होत नाहीये, ताई. भूक नाही, झोप नाही, रडू नाही. म्हणून विचारायला आले. मला उगाच वाटतंय का ते सांगा.”

“उगाच नाही,” पूर्वी म्हणाली. “त्या संध्याकाळी त्यांच्याकडे कोण येणार होतं?”

“तिघं. दुपारी फोनवर म्हणाले होते. जुन्या वस्तू विकणारा कुंदन, मुरबे गावची मेघालीताई आणि माझा चुलतभाऊ दर्पण.”

कोपऱ्यात बसलेल्या कमलेश राऊतांनी स्कूटरची किल्ली उचलली. तारापूरच्या एका कारखान्याच्या स्टोअरमधून निवृत्त झाल्यापासून ते पूर्वीबरोबर हिंडत. तिच्या कामातलं त्यांना निम्मं कळे, पण उरलेलं निम्मं विचारायला ते लाजत नसत.

बोईसरचा तो बर्फाचा कारखाना बंद पडून बरीच वर्षं झाली होती. स्नेहाच्या बाबांच्या, कमलाकांत मेहेरांच्या, वडिलांनी तो सत्तावन्न साली बांधला. त्याच सालावर कमलाकांत प्रदर्शन मांडत होते. आपल्या गावाला नवा हिशेब त्या वर्षी शिकावा लागला, असं ते म्हणत.

भिंतीला लागून एक जुनाट कॉम्प्रेसर होता. शेजारच्या पुठ्ठ्यावर कमलाकांतांच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘परकीय चलनाचा तुटवडा. सुटे भाग परदेशातून वेळेत आले नाहीत. कारखाना तयार, पण बर्फ नाही.’ पुढे काचेखाली नवे पैसे, शेजारी आणे. चहाच्या टपरीची पाटी होती. एक आणा म्हणजे सहा नवे पैसे, चार आणे म्हणजे पंचवीस.

“सहा चोक चोवीस,” कमलेशभाऊ पुटपुटले. “पंचविसावा गेला कुठे?”

“त्यावरूनच तेव्हा भांडणं व्हायची,” स्नेहा म्हणाली. “बाबा हसून सांगायचे.” ती स्वतः हसली नाही.

शेवटी तराजू होता. त्यापुढे फळीवर पाच लोखंडी वजनं चढत्या मापाने ठेवली होती. चार गोल, मधलं षटकोनी, सगळी काळवंडलेली. पुठ्ठा होता, ‘तोलमाप, १९५७’. पूर्वीने मधलं वजन उचललं, उलटं करून तळ पाहिला आणि होतं तसं ठेवलं.

तिथून चार पावलांवर माळ्याची शिडी. फरशी धुतलेली होती.

“कुणी धुतली?”

“मी,” स्नेहा म्हणाली. “कुणीतरी धुवायलाच हवी होती.”

दर्पणचं भंगाराचं दुकान मागच्याच गल्लीत होतं. त्याने तिघांसाठी चहा मागवला. डोळे सुजलेले होते.

“काकांनी मला वाढवलं,” तो म्हणाला. “सोमवारी उभ्या उभ्या भेटून आलो. ते वजनांवर कापड फिरवत होते. चांगले होते.”

“प्रदर्शन आवडलं तुम्हाला?”

“मला त्यातलं काय कळतंय? सत्तावन्न सालात नवे पैसे आले, किलो आले, मीटर आले. सगळं एकदमच बदललं. काका बोलायला लागले की मी मान हलवायचो.”

“कारखान्याचं पुढे काय होणार होतं?”

“ते काकांनाच माहीत.” त्याने चहाचा कप उचलला, न पिताच ठेवला.

पूर्वी उठून काट्याजवळ गेली. रद्दीच्या गठ्ठ्यांपुढे लोखंडी वजनं मांडली होती. अर्धा किलो, दोन किलो, पाच, दहा. तिने पाच किलोचं वजन आडवं करून तळ पाहिला. हात झटकले.

कुंदन तामोरेचं दुकान पालघरला होतं. पितळी दिवे, घड्याळं, जुन्या पाट्या. कमलाकांतांचं नाव काढताच तो भांडायलाच उठला.

“म्हाताऱ्याने माझी लाज काढली! पन्नास नव्या पैशांचं नाणं दिलं होतं, परत केलं. म्हणे पन्नासचं नाणं साठ साली निघालं, सत्तावन्नच्या काचेखाली कसं ठेवू? मलाही ते माहीत होतं हो. गिऱ्हाइकाला एवढं कोण सांगतं? सोमवारी नाणं घेतलं आणि सरळ निघालो.”

“तुमच्याकडे जुनी वजनं मिळतील?” पूर्वीने विचारलं.

“शेर, अडिशेरी, पासरी, काय पाहिजे ते! पोतंभर पडलीत मागे.”

बाहेर आल्यावर कमलेशभाऊ म्हणाले, “हाच. रागीट आहे, शिवाय लबाड.”

“लबाड आहे,” पूर्वी म्हणाली.

मुरब्याला मेघाली दवणे अंगणात वाळत घातलेले बोंबील पालटत होती. मासे विकणाऱ्या बायकांच्या मंडळाची ती अध्यक्ष. विचारल्यावर तिने हात थांबवले नाहीत.

“कमलाकांतबाबा आमच्या मंडळाला कारखाना देनार होते. बायकांना बर्फाला लांब जावं लागतं ना. सोमवारी त्यांनी मना पक्कं सांगलं. आज पोराला बी सांगून टाकतो, बोलले.”

“पोरगा म्हणजे?”

“दर्पण. त्याला पोरगाच बोलायचे. मी निघाली तवा तो येत होता.”

“प्रदर्शनात तुमचं काही आहे?”

“पाचय वजनं माझ्या आजीची हाय. मीच घासून लावली फळीवर. बाबा गेले तवापासून नाय गेली मी तिकडं. जाववत नाय.”

कमलेशभाऊंनी गाडी सुरू करता करता विचारलं, “हिच्याकडेही मासे तोलायला वजनं असतीलच ना?”

“असतील,” पूर्वी म्हणाली. “उद्या सगळ्यांना कारखान्यात बोलवा. पोलिसांनाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे तराजूभोवती उभे राहिले. उपनिरीक्षक दाराशी थांबले. मेघालीने फळीकडे पाहिलं आणि तिचा हात तोंडावर गेला. पूर्वीने तिला खुणेने थांबवलं.

“कमलाकांत शिडीवरून पडले नाहीत,” ती म्हणाली. “ते चढतच नव्हते. म्हणजे त्यांना कुणीतरी शिडीखाली आणून ठेवलं. मारलं कशाने? या खोलीत हाताला येण्यासारखं जड काय आहे ते आपल्यासमोर आहे.”

“पण वजनं तर पाचच्या पाच आहेत,” कमलेशभाऊ म्हणाले.

“मोजायला पाच आहेत. हे मधलं बघा. षटकोनी. हा किलो आहे. सत्तावन्न साली इथल्या बाजारात किलो नव्हता, शेर होता आणि शेराची वजनं गोल असत.”

“कायदा छप्पनचाच ना? कुठेतरी वाचलंय मी.”

“कायदा छप्पनच्या डिसेंबरात झाला. वजनं वापरात यायला अठ्ठावन्नचा ऑक्टोबर उजाडला, तोही मोजक्या ठिकाणी. जो माणूस साठ सालचं नाणं परत करतो, तो सत्तावन्नच्या फळीवर किलो ठेवेल का? मेघालीताई, तुम्ही काय लावलं होतं मध्ये?”

“शेर,” मेघाली म्हणाली. “आजीचा शेर. गोल.”

“तो मारणाऱ्याने नेला आणि रांगेत खिंडार दिसू नये म्हणून हा ठेवला. आता कोण? कुंदनभाऊंनी नेला असता तर पोत्यातला दुसरा शेर आणून ठेवला असता. त्यांना फरक कळतो. मेघालीताईंनी तर स्वतः रांग लावलेली, त्या आजीच्या शेराजागी किलो ठेवणार नाहीत. हे काम अशा माणसाचं, ज्याला वाटतं की नवे पैसे आणि किलो एकदमच आले.”

दर्पण कॉम्प्रेसरकडे बघत होता.

“तसं मला एकाच माणसाने सांगितलं,” पूर्वी म्हणाली. “त्याच्या काट्यापाशी अर्धा किलो होता, दोन होते, पाच, दहा. एक किलो नव्हता. वजनाच्या तळाला शिसं भरलेलं असतं, त्यावर तपासणीची मोहर मारतात. या किलोवरची मोहर आणि त्या पाच किलोवरची मोहर एकच आहे. साहेब, ताडून बघा.”

दर्पण खाली बसला. भिंतीला पाठ लावून, लहान मुलं बसतात तसा.

“मी एका माणसाला शब्द दिला होता,” तो म्हणाला. “इथे त्याचं केमिकलचं गोदाम होणार होतं, मी ते सांभाळणार होतो. भंगारातून सुटलो असतो. काका म्हणाले, बायकांना दिला कारखाना. वर मला म्हणाले, तू बर्फ फोडायला ये. हसत म्हणाले. मी हातातलं...” तो थांबला. “शेर धुतला. खाचेतलं रक्त निघेना. खाडीत टाकला. मग दुकानातला आणला.”

“शिडीखाली तूच ओढलंस त्यांना?” स्नेहाने विचारलं. वेळ विचारावी तसा आवाज होता.

“हो.”

“जड होते का?”

दर्पणने मान खाली घातली. “नाही गं.”

पोलीस त्याला घेऊन गेले. कुंदन घाईने निघाला. मेघाली स्नेहाच्या खांद्याला हात लावून गेली. कमलेशभाऊंनी पाण्याची बाटली पुढे केली, स्नेहाने ती घेतली आणि तशीच धरून ठेवली.

“काकीला कोण सांगणार?” ती म्हणाली. “दर्पणच्या आईला. दांडी गावात एकटीच असते.”

“पोलीस कळवतील.”

“नको. मी जाते.”

पूर्वी तिच्याबरोबर गेली, पण अंगणाबाहेरच थांबली. चंद्रकांताकाकी ओटीवर जाळं विणत होती. स्नेहाला पाहताच तिने सुई खाली ठेवली.

“ये गो बाय. भावजी गेले त्या दिसापासून दिसली नाय. जेवलीस काय?”

स्नेहाने चपला काढल्या.

“नायच जेवली. तोंड बघ कसं झालंय.” काकी आत गेली. भाताची थाळी घेऊन आली, वर वालाचं कालवण. “बस. दर्पणला बी फोन लावते, तो पन येईल.”

“काकी, फोन लावू नको.”

“का गो?”

स्नेहाने थाळी मांडीवर घेतली. पहिला घास कालवला, तोंडात घातला, चावला. चार दिवसांत पहिल्यांदाच तिला कशाची तरी चव लागली. कालवण खारट होतं. तिने घास गिळला आणि काकीचा हात धरून तिला शेजारी बसवलं.

“सांगते,” ती म्हणाली, आणि तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.