आजोबांची खुर्ची

मार्लीना हुडाकने दोन तास फावडं मारून दारासमोरचा बर्फ उपसला, गाडीपुरती जागा केली, तिथे आजोबांची लाकडी खुर्ची ठेवली आणि गाडी घेऊन बाजारात गेली. पिट्सबर्गमध्ये अशी खुर्ची म्हणजे राखलेली जागा. शहाणा माणूस तिला हात लावत नाही. परत येते तर जागेत निळी गाडी, आणि खुर्ची एका उंच तरुणाच्या काखेत!

"ओ, माझी खुर्ची घेऊन कुठे निघालात?"

"तुमची? मला वाटलं... कोणीतरी टाकून दिलीय."

"कोणी सांगितलं?"

तो कानापर्यंत लाल झाला. "आमच्या... कॉम्प्युटरने."

ॲन्सेल प्रुइट कॅन्ससहून विद्यापीठात आलेला, समोरच्याच घरात नवा भाडेकरू. तो आणि त्याचे सोबती एका कॉम्प्युटरला इंटरनेट वाचायला लावत. वाचून वाचून त्याने जग शिकायचं. रस्त्यावर ठेवलेलं सामान कोणीही न्यावं, हे तो कॉम्प्युटर कुठल्या दुसऱ्याच शहरांबद्दल वाचून शिकला होता.

"मग त्याला इथलं कोण शिकवणार?"

"तुम्ही या ना. दर गुरुवारी दुपारी त्याच्या चुका तपासतो. कॉफी फुकट."

मार्लीना शाळेच्या ग्रंथालयात होती. चुका काढण्यात तिचा हात कोण धरणार! ती गेली. पुढच्या गुरुवारीही... त्याच्या पुढच्याही.

"बटाटा भरून उकडलेली करंजी ती, आणि पिएरोगी म्हणे सँडविच! अरे, माझी आजी थडग्यातून उठून येईल लाटणं घेऊन. एकदा सांगून पटत नाही का याला?"

"नाही. एका ठिकाणी वाचलेलं तो नुसतं मनात ठेवतो. चार ठिकाणी सापडलं, की मग विश्वास."

"भलताच संशयी."

"माझ्यासारखाच," ॲन्सेल कॉफीत बघत म्हणाला.

फेब्रुवारीत त्याला सिॲटलहून नोकरीचं बोलावणं आलं.

"शुक्रवारी जातोय. तिथेच हो किंवा नाही सांगायचंय." त्याने कप खाली ठेवला. "इथे राहण्यासारखं काही आहे, असं वाटतं मला... पण पुरावा नाही."

'थांब' म्हणायचं होतं तिला. तोंडातून निघालं, "तिकडे बर्फ कमी असतो."

रविवारी दुपारी गुडघाभर बर्फ पडलेला. निळी गाडी विमानतळावरून परतली आणि गल्लीत चकरा मारू लागली. एक... दोन... तीन. जागा एकच रिकामी, मार्लीनाच्या दारासमोरची, आणि तिथे ती खुर्ची. तिची स्वतःची गाडी दोन गल्ल्या वर बर्फात रुतलेली होती.

शेवटी ती सपाता घालूनच बाहेर धावली. "अरे, किती फिरशील? लाव ना!"

ॲन्सेलने काच खाली केली. "खुर्ची आहे तिथे. हात लावायचा नसतो."

"कोणासाठी आहे, ते वाच की!"

खुर्चीच्या पाठीवर पुठ्ठा बांधला होता: ॲन्सेल.

तो बराच वेळ वाचत राहिला... नाव तर केवढंसं!

"सिॲटलला काय सांगितलंस?" तिने विचारलं.

"नाही म्हणालो. पुराव्याशिवायच." मग हळूच, "पण हे तर एकाच ठिकाणी लिहिलंय..."

तिने खिडकीतून वाकून त्याच्या गालावर ओठ टेकले. मग दुसऱ्या गालावर. "पटलं?"

"अजून एक ठिकाण राहिलं," ॲन्सेल म्हणाला.

पटल्यावर त्याने गाडी लावली आणि खुर्ची पुन्हा काखेत मारली... या वेळी तिच्या घरात नेण्यासाठी.