खिंडीपलीकडचा बारीक आवाज

नदीचा उगम नकाशावर नेमका कुठे दाखवायचा, एवढं ठरवायला तिघंजण त्या डोंगरांत शिरले होते. मोहिमेचे प्रमुख, मोजणी करणारे भावजी आणि वायरलेस सांभाळणारी त्यांची वहिनी. भावजी तिला वहिनी म्हणत, म्हणून प्रमुखही वहिनीच म्हणत. वयाने तिच्या वडिलांएवढे असून!

उगमाचं तळं खिंडीपलीकडे असावं, असा अंदाज होता. भावजी छोटा सेट घेऊन पुढे गेले, ते दोन दिवस परतलेच नाहीत. धुकं इतकं दाट, की शोधायचं तरी कोणत्या बाजूने, हेच कळेना. हाका मारत फिरून दोघांच्या पायांचे तुकडे पडले होते आणि शिधा एका दिवसाचा उरला होता. दुपारी बारापर्यंत काही कळलं नाही तर खाली उतरायचं, असं प्रमुखांनी जड मनाने सांगितलं.

वहिनी हेडफोन लावून बसून होती. सेटची ग्रहणशक्ती तिने पूर्ण वाढवून ठेवली होती. भावजींचा चुकार शब्दही निसटू नये म्हणून. पण पायथ्याचं केंद्र जवळचं आणि दांडगं. बाजूच्याच फ्रिक्वेन्सीवर तिथला ऑपरेटर भावजींना अखंड पुकारत होता आणि त्या आवाजाने तिचा सेट नुसता भरून जाई. जरा थांबा, असं तिने दोनदा विनवलं. आवाज ऐकून त्यांना धीर येईल, म्हणत तो ओरडतच राहिला. तिचं डोकं भणभणून गेलं.

साडेअकरा वाजले. आता ऐकवेना. तिने ग्रहणशक्तीचं बटण मागे फिरवलं. भावजींकडेच पाठ फिरवल्यासारखं वाटून तिला रडू फुटलं.

खरखर खाली बसली. पायथ्याचा आरडाओरडा आकसला, त्याने गुदमरलेला सेट मोकळा झाला. तिने डोळे पुसले. बटण अजून थोडं मागे! आवाजाचं बटण मात्र पूर्ण वर! आणि मग... सुईएवढा बारीक, पण स्वच्छ आवाज!

"...पाय मोडलाय. खिंडीपलीकडे, डाव्या घळीत. तळं दिसतंय इथून..."

दोघं धडपडत निघाले. दगड निसटत होते. गुडघे फुटले. दोर तुटता तुटता वाचला! खिंडीच्या पलीकडे धुकं क्षणभर विरलं आणि उजवीकडे पाणी चमकलं. मोजणीला तासभर लागला असता. प्रमुखांनी तिकडे एकदा पाहिलं, नकाशा खिशात कोंबला आणि ते डावीकडे वळले.

भावजी गारठून काळेनिळे पडले होते. तंबूच्या कापडाची झोळी करून दोघांनी त्यांना उचललं. पुढे वहिनी, मागे प्रमुख. उतरताना भावजी पुटपुटले, "दोन दिवस बोलतोय, वहिनी. ऐकू येत नव्हतं?"

"आलं असतं, भावजी. मीच सेट फार वाढवून ठेवला होता. चूक माझीच."

त्यांनी रागवावं, चार शब्द सुनवावेत, असं तिला फार वाटलं. ती वाट पाहत चालत राहिली. शेवटी तिने मागे वळून पाहिलं. भावजी झोळीत घोरत होते.