कापलेली दोन मिनिटं

शपथेवर सांगतो, हे सगळं खरं आहे. म्हणजे, एक वाक्य सोडून. ते कुठलं, शेवटी सांगेन.

इंदिरानगरात माझी एडिटिंगची खोली आहे. एका मेडिकल कॉलेजच्या मुलांसाठी शरीररचनेचे व्हिडिओ मी तयार करून देतो. शिकवतात श्यामला मॅडम, मूळच्या निपाणीच्या. सर कॉलेजातल्या टेबलावर असतात. सर म्हणजे पद्मनाभ सर. तीस वर्षं तिथंच शिकवलं आणि देहही तिथंच दान केला. प्रत्येक तासाआधी मॅडम हात जोडून त्यांची परवानगी मागतात, दोन मिनिटं गप्प उभ्या राहतात. सरांनी जिवंतपणी तसा शब्दच घेतला होता. विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, बघायचंही नाही.

मी ती दोन मिनिटं कापली. बाराही व्हिडिओंतून. गप्प उभी बाई कोण बघत बसणार?

मग कॉलेजातून कौतुक आलं. मॅडम चुकतात तिथं टकटक टाकलीत, मुलांना आवडली म्हणे. मी काहीच टाकलं नव्हतं. भर दुपारी हेडफोन लावून बसलो. मॅडमनी सरांचा डावा हात उचलला आणि उजवा म्हणाल्या. टक, टक. स्टीलच्या टेबलावर वाकवलेल्या बोटानं वाजवावं तसं. मूळ चित्रण लावलं, तिथं शांतता. माझ्या खोलीत फॉर्मालिनचा, देह टिकवायच्या औषधाचा वास...

मॅडमना बोलावून ऐकवलं. त्यांनी हेडफोन काढून हळूच टेबलावर ठेवला.

"आम्ही चुकलो की सर असंच वाजवायचे," त्या म्हणाल्या. "मधुकरअण्णा, परवानगी ठेवलीये ना सुरुवातीला? मी शब्द दिलाय त्यांना."

"ठेवलीये की, अक्का."

टक, टक. हेडफोनमधून नाही. माझ्या टेबलातून.

मॅडमनी टेबलाकडे बघून हात जोडले. "आजच्या आज परत घाला..."

त्याच संध्याकाळी मी बाराही व्हिडिओंत ती दोन मिनिटं परत घातली.

खोटं वाक्य हेच, वरचं. घालायला बसलो होतो. पण मूळ चित्रणं उघडली तर ती दोन मिनिटं त्यांतही नाहीत. मॅडम थेट शिकवायलाच लागतात. त्यांना मात्र मी 'घातली' म्हणून कळवलंय. फोनवरून, शंभर फुटी रस्त्याच्या मधोमध उभा राहून, जवळपास टेबल नाही असं बघून.

आत्ता हे सगळं मोठ्यानं वाचून पाहिलं. त्या वाक्याला टेबल वाजलं, ते वाजणारच होतं.

पण त्याआधीही एकदा वाजलं. 'सर कॉलेजातल्या टेबलावर असतात', या वाक्याला.